सुनेचे ब्रश धुतले त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात कंबर परवानगी देत नाही).

तुझा खोकला कसा आहे? भावजींना नवा चष्मा मानवला का? इकडे सगळं ठीक. चिरंजीव कामानिमित्त फिरतीवर, तुझी वहिनी नेहमीप्रमाणे माझ्यावर नाराज, आणि सूनबाई... तिच्याबद्दलच लिहायला बसलोय.

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलायची. 'बाबा, चहा ठेवू?' आणि 'बाबा, कप नेऊ?' मधल्या वेळात आम्ही दोघं आपापल्या भिंतीकडे बघायचो. (माझं आयुष्य पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलं. बाटल्यांशी गप्पा माराव्या लागत नाहीत, त्यामुळे ती सवयच नाही.) तर गेल्या आठवड्यात तिच्या पापणीवर पुरळ उठलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि विचारलं, मेकअपचे ब्रश शेवटचे कधी धुतलेत? सूनबाई नवऱ्या मुली सजवते, आणि आता एका नाटक कंपनीत रंगभूषेच्या कामासाठी तिची परीक्षा आहे. सुजलेली पापणी आणि मळके ब्रश घेऊन गेली तर दारातूनच परत पाठवतील. दुकानात ब्रश धुण्याचं खास द्रावण मिळतं म्हणे, पण ती इवलीशी बाटली इतकी महाग, की हिने हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवली. मी म्हटलं, "आण इकडे. आख्ख्या गावाचं पाणी स्वच्छ केलंय मी, हे तर काहीच नाही!"

ताई, पहिला ब्रश पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि मी जगाला विसरलो. आधी गुलाबी ढग निघाला, मग तपकिरी, आणि शेवटी कुठून तरी आतून सोनेरी कण तरंगत आले. एवढ्याशा झुपक्यात हे सगळं मावतं कसं? मी भिंग आणलं. घरातले सगळे काचेचे पेले खिडकीत मांडले, प्रत्येकात एकेक ब्रश, आणि कोणाचा गाळ आधी बसतो ते बघत राहिलो. (आता पाणी ओंजळीने प्यायचं का, असं वहिनी आतून विचारत होती. शोधकार्यात असले प्रश्न येतातच.) पण मुळाशी बसलेला मळ हटेना, तेव्हा मी मोठं अस्त्र काढलं. उकळतं पाणी आणि भांडी घासायचा साबण. ब्रश वरून लखलखीत झाले. मग ते फुलदाणीतल्या फुलांसारखे पेल्यांत उभे करून वाळत ठेवले आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी गालाचा जाडा ब्रश शेंडीला धरून उचलला, तर शेंडी माझ्या हातात आणि दांडा पेल्यातच. हा तिने पहिल्या कमाईतून घेतलेला ब्रश. मी झुपका मुठीत लपवतोय तोच ती दारात उभी. वाटलं, आता 'चहा ठेवू?' सुद्धा गेलं.

"उकळतं पाणी घातलंत?" तिने विचारलं.

"हो."

"आणि उभे वाळवलेत?"

"हो."

ती मटकन खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की हसतेय ते त्या सुजक्या पापणीमुळे कळेना. हसत होती गं! दांड्यावरच्या पत्र्याच्या टोपीत डिंक असतो, तो गरम पाण्याने सुटतो, आणि ब्रश उभा ठेवला की उरलंसुरलं पाणी तिथेच झिरपतं, असं तिने सांगितलं. काल का नाही बोललीस, म्हटलं. तर म्हणते, "तुम्ही भिंग घेऊन इतके रंगला होतात, मला वाटलं ही प्रयोगशाळेची पद्धत असेल."

मुळाशी मळ अजून होताच, म्हणून मी विचारलं, केस कशाचे? बकरीचे, म्हणाली. म्हटलं, माझ्या टाळूवरच्या चार केसांना जो शाम्पू चालतो तो बकरीला का चालू नये? लगेच कोमट पाणी घेतलं आणि दोघं मोरीत पाटांवर बसलो. न्हाणीतल्या रबरी चटईला उंचवटे असतात, त्यांवर ब्रश गोल गोल फिरवायची कल्पना माझी. ("दुकानात अगदी अस्संच मिळतं, बाबा!" हे तिचे शब्द, माझी फुशारकी नाही.) नंतर सगळे कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर उलटे टांगले, वटवाघळांसारखे. तुटलेला सुताराच्या डिंकाने जोडला. आणि धुताना ती बोलत होती, ताई! हा लाल रंग कुठल्या मुलीचा, जिने रडून रडून तीनदा मेकअप करायला लावला, ही काजळी कुठल्या नवरदेवाच्या पिकल्या दाढीवरची, जो वय लपवत होता. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. चहाची आठवण दोघांनाही झाली नाही.

पापणीची सूज उतरली आहे. बाकी सर्व कुशल.

तुझा,
धाकटा

ता. क. : परीक्षेत तिला म्हातारीचा चेहरा रंगवून दाखवायचा आहे. सरावासाठी खऱ्या सुरकुत्या हव्यात. माझा चेहरा तिने नापास केला, फार गुळगुळीत म्हणे. वहिनीला विचारायची माझी छाती नाही. तेव्हा तू चार दिवस राहायला ये.

आणखी एक : रागावू नकोस. तुझा फोटो दाखवला, तर सूनबाई इतकी हरखली की तिने मला पहिल्यांदाच टाळी दिली.

शेवटचं : भावजींनाही आण. त्यांना बघून ती काय म्हणेल, याची मला भारी उत्सुकता आहे.