बिल्ल्याचा नंबर

बुधवार, ता. ९ मार्च, सकाळी सव्वादहा

ती. ताईस सा. न.,

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या सरकारी कार्यालयात आवक नोंदवता नोंदवता लिहितोय. आत्ताच एक इस्त्रीवाला येऊन गेला. हातगाडी हलवायला उशीर केला म्हणून चौकीत नेऊन एका शिपायाने त्याचं मनगट मोडलं. आता डाव्या हाताने इस्त्री करतो. शिपायाचं नाव त्याला ठाऊक नाही, बिल्ल्याचा नंबर तेवढा पाठ आहे: २१७४. चौकीने लेखी कळवलंय, असा नंबर आमच्याकडे कधीच नव्हता. सोमवारी फाईल बंद होईल.

दाजी तेव्हा त्याच चौकीत शिपाई होते. त्यांचा नंबर काय गं? हे वाक्य तीन कागद फाडून चौथ्यावर लिहिलंय. तो नंबर त्यांचा नसेल, तर मला हवं तेवढं रागव.

लोभ आहेच, तो या प्रश्नानंतरही राहू दे.

तुझा धाकटा


शुक्रवार, ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पंचनामाच, अगदी वेळेसकट! आधी हसले, मग भांडी तशीच टाकून बसून राहिले.

तो बिल्ला दर रविवारी मीच घासते. २१७४. यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या भावाला दहावी एका दमात जमली नाही, आता माझी नोकरी घालवायला निघालाय. पण मारलं नाही, असं काही म्हणाले नाहीत. मी तासभर वाट बघितली.

निलंबित झाले तर घर कसं चालायचं, याचा हिशेब रात्री दोनदा मांडला. तरी हे पत्र फाईलला लाव. विचारलं नसतंस तर बरं झालं असतं रे. आईला इतक्यात सांगू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझीच,
ताई


सोमवार, ता. १४ मार्च, दुपारी दोन

ती. ताईस सा. न.,

साहेबांना पत्र दाखवलं, नातंही सांगितलं. ते निवृत्त न्यायाधीश. चष्मा पुसत म्हणाले, यापुढे या फाईलला तू हात लावायचा नाहीस. मला हायसं वाटलं. सुनावणी २८ तारखेला आहे. दाजींचंही पूर्ण ऐकून घेतील. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना.

दाजींची नोटीस शेजारच्या कारकुनाने लिहिली. पत्त्यात गल्ली चुकली होती. तशीच गेली असती तर परत आली असती. मी खुर्चीतून न उठता बरोबर गल्ली सांगितली.

बुधवारी पोचेल. तेव्हा घरीच थांब. दाजींना ती एकट्याने उघडू देऊ नकोस.

रागावली असलीस तरी दोन ओळी टाक.

तुझा धाकटा