साडेसातच्या दोन रिंगा

प्रिय आप्पा,

आज सकाळी तुमच्या फोनवर मेसेज आला. तुमचा फोन मी इथे घोडबंदर रोडच्या घरी, टीव्हीशेजारी चार्ज करून ठेवलेला असतो. तीन महिने झाले तुम्हाला जाऊन, वापरणारं कोणी नाही, तरी चार्ज करते. तर मेसेज असा, की रिचार्ज केलं नाही तर हा नंबर कायमचा बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जाईल. दुसऱ्या कोणाला म्हणजे? तुमचा नंबर? म्हणून लिहायला बसले.

खरं तर हे पत्र मी कधीच लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

तो रविवार आठवतोय ना? तुम्ही डोंबिवलीहून आलेलात आणि नेमकं आमचं नेट गेलेलं. मी नेहमीसारखी राउटर बंद-चालू करत बसले. तुम्ही मात्र सरळ कंपनीला फोन लावलात आणि पलीकडच्या बाईला समजावायला लागलात, "हे बघा मॅडम, मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन होतो, मला एक दाबा, दोन दाबा सांगू नका, बॉक्सपाशी माणूस पाठवा." मी ओरडले, "अहो आप्पा, ती बाई नाहीये, मशीन आहे!" तर म्हणता कसे, "मशीन मराठीत बोलतंय ना? मग मराठी ऐकायला काय झालं त्याला?"

तेव्हा हसायचं सोडून मी चिडले. ऑफिसचं काम अडलेलं, तो राग तुमच्यावर काढला. आणि विषय कुठून कुठे नेला बघा! म्हटलं, "आणि ते रोज सकाळी मिस्ड कॉल देणं बंद करा आता. अनलिमिटेड पॅक मारून दिलाय ना मी? मग दोन रिंगा देऊन कट काय करता? कंजूस कुठले!"

तुम्ही चहा अर्धा ठेवून निघालात.

आई गेल्यापासून रोज साडेसातला तुमच्या दोन रिंगा यायच्या. दोन रिंगा म्हणजे उठलो, बरा आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, जुन्या माणसांची पैसे वाचवायची खोड, दुसरं काय! तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी शेजारच्या सावंतकाकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. "अगं सुजा, ते म्हणायचे, पोरगी सकाळी घाईत असते, तिला फोन उचलायला लागू नये." म्हणजे माझाच वेळ वाचवत होतात तुम्ही! तोंडावर का नाही सांगितलंत हो, मी कंजूस म्हटलं तेव्हा?

आता खरं ते सांगते. तुमचं रिचार्ज पूर्वी तुमचं तुम्ही करायचात. "महिना अठ्ठावीस दिवसांचा कोणी केला?" असं दुकानदाराला दर वेळी विचारायचात, आणि घरी येऊन कॅलेंडरवर पुढच्या तारखेला लाल गोल करायचात. मीच म्हटलं, उन्हातून कशाला जाता, मी ॲपवरून करत जाईन. तुम्ही लाल गोल करायचे बंद केलेत. आणि मी विसरले. ॲप आठवण करतं म्हणे. त्याची कटकट नको म्हणून नोटिफिकेशनही मीच बंद करून ठेवलेलं.

सोमवारी तुमची व्हॅलिडिटी संपली. मंगळवारी रिंग आली नाही. मला वाटलं, रुसले. बरं, रुसू दे दोन दिवस, शनिवारी जाऊन समजूत काढू. बुधवारीही नाही आली. त्या दुपारी मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला, मी कट केला. परत आला. दिवसाला दहा फोन येतात हो आप्पा लोनवाल्यांचे, क्रेडिट कार्डवाल्यांचे! वैतागून ब्लॉक केला.

तो नंबर सावंतकाकूंचा होता. तुम्ही त्यांच्या दारात उभं राहून लावत होतात. काकूंचा नंबर तुम्ही मला चिठ्ठीवर लिहून दिलेला, "सेव्ह कर, शेजार आहे" म्हणून. ती चिठ्ठी कुठे गेली कोण जाणे.

गुरुवारी सकाळी तुमच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच दिसली, तेव्हा काकूंनी दार उघडवलं. मला कळवायला त्या फोन लावत राहिल्या आणि तो लागत नव्हता, कारण मी ब्लॉक केलेला. शेवटी त्यांनी कल्याणला तुमच्या पुतण्याला, मिलिंददादाला गाठलं आणि त्याने मला कळवलं. तुम्ही माझे वडील, आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते मला.

त्याहून मोठं सांगू? व्हॅलिडिटी संपली की लगेच आउटगोइंग बंद होतं, इनकमिंग अजून काही दिवस चालू असतं. हे मला नंतर कळलं. म्हणजे मी फोन केला असता तर लागला असता, आप्पा! दोन दिवस तुमचा फोन वाजू शकत होता. मीच केला नाही. मला वाटत होतं तुम्ही रुसलात, आणि तुम्हाला काय वाटत असेल, हा विचार काही पाठ सोडत नाही.

आज मेसेज आल्यावर सिमचे कागद शोधायला तुमच्या घरून आणलेली कागदपत्रांची पिशवी उघडली. त्यात ती तक्रारींची वही, जिच्यात तुम्ही कंपनीला, सरकारला धाडायचे अर्ज आधी लिहून काढायचात. तीन महिने हात लावला नव्हता. शेवटच्या पानावर बुधवारची तारीख आहे.

"महोदय, व्हॅलिडिटी संपताच ग्राहकाचे आउटगोइंग बंद केले जाते. आमच्या खात्यात बिल थकले तरी एकदम लाइन तोडत नसू. आधी घरी माणूस पाठवत असू. विनंती की, वयस्कर ग्राहकास निदान एका घरच्या नंबरला फोन लावण्याची सोय कायम चालू ठेवावी. रिचार्ज राहून गेले यात माझ्या मुलीचा दोष नाही."

'माझ्या मुलीचा' यावर काट मारून वर लिहिलंय, 'कुटुंबीयांचा'. सरकारदरबारी पोरीचं नाव नको, एवढं सांभाळलंत! मी वही छातीशी धरून खूप रडले. दोष होता, आप्पा. माझाच होता.

रडून झाल्यावर डोंबिवलीला गेले. ॲपवरून नाही, तुमच्याच दुकानात जाऊन रिचार्ज मारलं. दुकानदाराने ओळखलं, म्हणाला, "काका अठ्ठावीस दिवसांवरून भांडायचे. आता कोण भांडणार?" तुमच्या कॅलेंडरवर लाल गोल केला. तुमचा अर्ज जसाच्या तसा टाइप करून पाठवला, फक्त सही माझी, आणि संपर्कासाठी तुमचा नंबर. उत्तर आलं तर तिथेच यायला हवं ना? नाही आलं तर परत पाठवीन. भांडायला मी आहे.

आणि काकूंचा नंबर सेव्ह केलाय. त्याही एकट्याच असतात. म्हटलं, काकू, रोज साडेसातला मला दोन रिंगा द्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले.

तुम्हाला शब्द देते. ज्या दिवशी त्या दोन रिंगा येणार नाहीत, त्या दिवशी मी रुसवा समजणार नाही, मीटिंग बघणार नाही, वाटेतल्या शीळफाट्याच्या ट्रॅफिकचं कारण सांगणार नाही. आधी फोन लावीन. नाही उचलला, तर तुमच्या खात्यासारखा घरी माणूस पाठवीन. तो माणूस मी असेन.

तुमची,
सुजा