त्याच्या वाटीतलं शिकरण

आई, आज तुझ्या लेकाच्या मेंदूचा फोटो पाहिला. माझ्याही. डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि मी बराच वेळ बघत बसले, कारण त्यातला त्याचा कुठला हे मला ओळखताच येईना. लहान वयात स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा त्या अभ्यास करतायत. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे धागे तिथं असतात म्हणे. तुलनेला धडधाकट भावंडंही लागतात, म्हणून मी. तुझ्या घरात माझी गरज पडायची ती अशीच, त्याच्यासाठी.

खरं सांगते, त्याच्या फोटोत मला काहीतरी मोठं दिसायला हवं होतं. एखादी भेग, एखादा डाग, ज्याकडे बघून म्हणता येईल, बरं, यासाठी आई सगळी त्याच्या वाट्याला गेली होय. बाई म्हणाल्या, एकट्या फोटोवरून काही सांगता येत नाही, पुष्कळ जणांचे एकत्र ताडून पाहिले की थोडा फरक दिसतो. आणि तो आईच्या वाढवण्यामुळे पडत नाही. हे तुला कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

तो पंधराचा होता, मी वीसची. गोळी दिली की थुंकायचा. म्हणून मुलुंडच्या त्या स्वयंपाकघरात रोज सकाळी तू दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून पूड करायचीस आणि त्याच्या शिकरणात ढवळायचीस. वाटी एकच. मी एकदा मागितलं तर वर न बघताच म्हणालीस, "तुला काय झालंय?" मला काही झालं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. एका सोमवारी तू डबा भरायला वळलीस आणि मी त्याची वाटी ओढून घेतली. आत काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. दुपारपर्यंत डोळे उघडवेनात. माझ्या बारावीच्या निकालालाही रजा न घेणारी तू अंधेरीच्या ऑफिसातून धावत आलीस, दोन दिवस घरी राहिलीस, मला मऊ भात भरवलास. मग मंगळवारी आणि बुधवारी, तू आंघोळीला गेल्यावर मी पुन्हा तेच केलं.

आठवडा संपायच्या आत त्याचा त्रास वाढला. खिडकीशी उभा राहून तो कुणाशीतरी भांडायला लागला. गोळ्या चुकल्या का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू छातीठोकपणे सांगितलंस, माझ्या हातानं दिल्यात. डोस वाढला, त्याचे हात थरथरायला लागले. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तू झुरत राहिलीस, आणि वर्षाच्या आत गेलीस. डॉक्टरांसमोर मी तुझ्या शेजारीच उभी होते, पण वाटीचं सांगितलं नाही.

आज फॉर्म भरताना बाईंनी तोच प्रश्न विचारला, गोळ्या कधी चुकल्या का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, "तीन दिवस. ताईने खाल्लं माझं शिकरण. तिला आई पाहिजे होती ना."

बाईंनी लिहून घेतलं. खाली रिक्षाची वाट बघताना मी त्याला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस आईला? म्हणाला, "तू मस्त झोपली होतीस गं. आई पण जरा बसली होती तुझ्याजवळ. नाहीतर कधी बसायची ती?"

आणि माझा पुन्हा जळफळाट झाला, आई. मला तुझा कपाळावरचा हात तेवढा आठवतो. माझ्याजवळ बसलेली तू, ती बघितली त्यानंच.

त्याची माफी मी रिक्षातच मागितली. तुझी मागायला हे लिहायला घेतलं होतं. पण ते तीन दिवस परत कर म्हणालीस, तर अजूनही मी करणार नाही.