पट शिरीषला, सोंगट्या मीनलला

आधी मीनल आली. चोआ चू कांगहून पुंगोल म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं, तरी तीच आधी. मग शेजारची सुरेखा आणि तिचे यजमान विश्वासराव आले, साक्षीदार म्हणून, येताना सुरळीच्या वड्या घेऊन. शिरीष याच घरातला, पण तो सगळ्यांच्या शेवटी आला, आतल्या खोलीतून, आणि बहिणीकडे न बघता खुर्ची ओढून बसला. होळीपासून माझी ही दोन मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. चहाला बोलावलं असतं तर एका टेबलाशी आली नसती. मृत्युपत्र करतेय म्हटल्यावर आली. असो. आता रीतसर लिहिते.

मी, सुलेखा पद्माकर खटावकर, वय शहात्तर, मूळ राहणार सातारा, सध्या मुक्काम मुलाकडे, पुंगोल, सिंगापूर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. शुद्धलेखनाची हमी देत नाही. नाव सुलेखा असलं तरी शाळा तिसरीत सुटली. कोणी धाक घातलेला नाही. विश्वासराव बँकेतले, ते म्हणाले, "काकू, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीची सही करायची नसते." म्हणून सुरेखाला मी काहीही ठेवलेलं नाही. तिनं राग मानू नये, वड्या छान झाल्यात.

कलम १. साताऱ्याच्या दोन खोल्या शिरीष आणि मीनल दोघांच्या, सारख्या वाट्यानं. मध्ये भिंत घालायची नाही.

कलम २. माझी पुस्तकं. इथं आले तेव्हा मी दिवसभर खिडकीत बसून ती बिनड्रायव्हरची छोटी रेल्वेगाडी गोल गोल फिरताना बघायची. सून अश्लेषानं इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातून एक कादंबरी आणली आणि म्हणाली, "आई, रोज एक पान." ओळीवर बोट ठेवून वाचत गेले आणि एक दिवस भात करपला, तेव्हा कळलं की आपल्याला वाचता येतं. आता माझी स्वतःची फळी भरली आहे. मला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. शिरीष चिडतो, "मग बाकीचं वाचायचं कशाला?" अरे, बाई जगणार हे कळलं की तिची मधली दुःखं जिवाला घोर न लावता वाचता येतात. तर त्या फळीवर ज्या दोन-दोन भागांच्या कादंबऱ्या आहेत, त्यांचे पहिले भाग शिरीषला, दुसरे मीनलला. पुढं काय झालं ते त्यानं तिला विचारावं. आधी काय झालं होतं ते तिनं त्याला.

कलम ३. सारीपाट. पुस्तकाचा शेवट आधी बघता येतो, पटावरचा येत नाही. अजूनही कवड्या हातात घोळवताना माझ्या पोटात गोळा येतो, आणि गंमत म्हणजे तोच मला हवा असतो. पट माझ्या आईनं शिवलेला, लाल-हिरवा, एका पट्टीवर हळदीचा डाग. या पटावर आमच्या संजीवनीवन्सं पदराआडून कवडी उलटी करायच्या. त्या गेल्या, पण ते मी माफ केलेलं नाही. तशी नोंद असावी. पट शिरीषला, लाकडी सोंगट्या मीनलला, कवड्या नात चैत्रालीला. विकायचं नाही, नवीन आणायचं नाही.

हे वाचून दाखवलं तशी चैत्राली माझ्या शेजारून म्हणाली, "आज्जी, देन नोबडी कॅन प्ले, लाह!"

"एकत्र बसलात तर कॅन," मी म्हटलं. मीनल उठून पाणी प्यायला गेली.

कलम ४. माझा इथला पास, म्हणजे राहायचा परवाना, या महिनाअखेर संपतो. तो वाढवायचा नाही असं मुलांनी ठरवलेलं आहे. कपाटावरची माझी बॅग खाली आलेली मी पाहिली. माझी तक्रार नाही. मुलाच्या घरात 'मला ठेवून घे' असं आईनं तोंडानं म्हणायचं नसतं.

एवढं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शिरीष ताडकन उठला. "मुलांनी ठरवलं? आई, तूच म्हणालीस ना!"

"मी?"

"होळीच्या दिवशी तू आणि चैत्राली पत्त्यांचं चॅलेंज खेळत होतात. मी लॅपटॉप उघडून विचारलं, 'आई, परत पास करायचा ना?' तू म्हणालीस, 'पास-बीस काही नको. मला आता सुटायचंय.'"

आता वाचणाऱ्यानं नीट ऐकावं. चॅलेंजमध्ये पानं टाकायची नसली की 'पास' म्हणतात आणि हातातली सगळी संपली की माणूस 'सुटतो'. माझ्या हातात तीनच राण्या उरल्या होत्या! मी डावाचं बोलले, हा सिंगापूरचं समजला.

"मला वाटलं तू कंटाळलीस," शिरीष म्हणाला. "अडवायचं कशाला, म्हणून गप्प बसलो."

"आणि मला वाटलं तू तिला घालवतोयस," मीनल म्हणाली.

"वाटलं? आई कंटाळली म्हणून कळवलं, तर 'कंटाळली की कंटाळवलीस' असं लिहून पाठवलंस मला."

"मग? एक शब्द उत्तर दिलंस का, दादा?"

"सो आज्जी बाय मिस्टेक रिझाइन झाली?" चैत्रालीनं विचारलं. मी एकटीच हसले.

शिरीषनं लॅपटॉप आणला. फार उशीर झालाय म्हणाला, देतील किंवा नाही देतील. त्याची बोटं चुकत होती. मीनल त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. "आईचं नाव बघ, दादा. एकच एल." त्यानं एक एल पुसला. अर्ज गेला.

म्हणून कलम ४ खोडलं आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. त्याऐवजी असं वाचावं: पास मिळाला तर मी इथं, नाही मिळाला तर साताऱ्याला, वाटणी दोन्हीकडून हीच. मला वाटलं होतं मृत्युपत्र म्हणजे शेवटचं पान आपणच आधी लिहून टाकायचं, की घोर मिटला. पण ते पान अजून माझ्या हाती नाही. पोटात गोळा आहे.

निघताना मीनलनं सोंगट्यांचा डबा उचलला. मी म्हटलं, "अगं, मी अजून मेले नाही."

"माहितीय. पण आत्ता नेल्या तर परत आणाव्या लागतील ना?"

"आणि नाही आणल्यास तर?" शिरीष दारातून म्हणाला.

"तर तू पट घेऊन ये चोआ चू कांगला. आणि तो डाग काढ आधी."

वरचं सगळं मी वाचून पाहिलं. ते माझंच आहे, कोंबडीच्या पायांसारखं अक्षरसुद्धा.

सही: सुलेखा पद्माकर खटावकर

आमच्यासमोर सही केली, मध्ये दोनदा चष्मा शोधला:
१. सौ. सुरेखा विश्वास देवस्थळी
२. विश्वास देवस्थळी

पुंगोल, सिंगापूर
रविवार, १७ एप्रिल २०१६

ता. क. मीनल पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला, येते म्हणाली, सोंगट्या घेऊन. सुरेखा आणि विश्वासरावही येणार आहेत. पासचं उत्तर तोवर आलेलं असेल किंवा नसेल. शिरीषनं पट धुऊन वाळत घातला आहे.