पवईच्या पाण्यातली एक पेशी

प्रिय प्रज्ञा,

तुला माहीत होतं! सगळं माहीत होतं, आणि पंधरा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाहीस!

रविवारी तुझ्या आईनं मला विक्रोळीला बोलावून घेतलं. कपाट आवरताना मावशींना आपल्या पीएचडीच्या दिवसांतल्या तुझ्या वह्या सापडल्या होत्या. "मला यातलं काय कळतंय? तूच ने," म्हणाल्या. रिक्षातच मी एक उघडली. तेच तुझं बारीक, तिरकं अक्षर. 'मीडियमच्या बाटलीवरची टेप पांढरीच. वर्षा घाईत होती. विचारलं नाही. ती स्वतः सांगेल.'

ती स्वतः सांगेल! नाही सांगितलं गं मी. तुला जाऊन आता वर्ष होईल, आणि मी आज लिहायला बसलेय.

पवई तलावावरून आपण पाणी आणलं होतं, आठवतं? दोन बाटल्या पाणी आणि त्या बदल्यात चिखलात गेलेली तुझी एक चप्पल. त्या पाण्याच्या एकेका थेंबात नाना तऱ्हेचं शेवाळ. आपल्याला त्यातली एकच हिरवी पेशी हवी होती, जिच्यापासून पुढचं सगळं वाढेल.

बर्नरवर काचेची नळी तापवून तू ती केसाएवढी बारीक ओढायचीस. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या नळीनं एक पेशी उचलायची. माझा हात थरथरायचा. तुझा दगडासारखा स्थिर.

"वर्षा, श्वास घेऊ नकोस."

"अगं, पेशी तू पकडतेस, मी का मरू?"

"माझ्या कानात वारा जातो ना!"

एकेक पेशी घालून चाळीस ट्यूब भरल्या आपण. एकोणचाळीस नुसत्या पाण्यासारख्या राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात एक ट्यूब खिडकीशी धरलीस, तर तळाशी पोपटी झाक! "झकास! बाळ झालं!" असं कॉरिडॉरमध्ये जाऊन ओरडलीस. बाजूच्या खोलीतून आपले गाइड सर बाहेर आले आणि घाबरून म्हणाले, "कोणाला?"

किती हसलो होतो गं आपण!

त्या एका ट्यूबचे सहा फ्लास्क झाले. ट्यूबलाइटखाली रांगेत ठेवलेले. सकाळी आल्या आल्या तू एकेकाला हलवून "उठा रे" म्हणायचीस. तुझ्या डब्यात भाकरी आणि सुकट, माझ्या डब्यात पोळी-भाजी. अदलाबदल ठरलेली.

आणि मग तो दिवस. बोरिवलीला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. शेवाळाला घालायचं नवीन मीडियम, म्हणजे त्याचं खाद्यच, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेलं. आपला मोठा कुकरच तो. प्रेशर आल्यावर पाव तास तरी ठेवायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. मी वाफ दिसताच बंद करून निघाले. नीट निर्जंतुक झालं की बाटलीवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटतात. दुसऱ्या दिवशी ती टेप न बघताच मी ते मीडियम सगळ्या फ्लास्कमध्ये ओतलं. आपल्या मूळ ट्यूबमध्येसुद्धा!

चार दिवसांत सगळं दुधासारखं गढूळ झालं. नाकाला रुमाल लावावा असा वास.

सरांनी विचारलं, "हे कसं झालं?" मला तोवर कळून चुकलं होतं. आणि मी म्हणाले, "सर, प्रज्ञा झाकणं उघडी ठेवून बोलत बसते."

तू माझ्याकडे बघितलंस. बस्स, बघितलंस.

महिनाभर सरांनी तुला फ्लास्कला हात लावू दिला नाही. तू बेसिनपाशी उभी राहून काचा धूत होतीस आणि मी आत बसून पेशी पकडायचा प्रयत्न करत होते. एकही जगली नाही. शेवटी सरांनीच तुला परत बोलावलं. तू पुन्हा नळी तापवलीस, पुन्हा डोळा लावलास. मी शेजारीच होते. त्या वेळी मात्र तू मला श्वास घेऊ नको म्हणाली नाहीस.

दोन महिन्यांनी पुन्हा हिरवं दिसलं. तू ओरडली नाहीस. ट्यूब माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "हे घे. जप."

जपलंय गं. दर तीन आठवड्यांनी नव्या ट्यूबमध्ये घालते. तू मुलुंडच्या कॉलेजात शिकवायला गेलीस, मी इथेच घाटकोपरला राहिले. एकदा तुझ्या स्टाफरूममध्ये चहा पिताना मी सुरुवात केली होती, "प्रज्ञा, त्या वेळी ना..." तू कप खाली ठेवलास. आणि मी म्हणाले, "त्या वेळी आपण किती बारीक होतो ना!" तू हसलीस, पण जरा थांबून. वाट बघत होतीस ना?

एकदा भांडायचंस तरी! एरवी रिक्षावाल्याशीसुद्धा भांडणारी तू! मग साध्या काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेलीसच.

सोमवारी मी पुन्हा विक्रोळीला गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. त्या कपडे घडी करत होत्या. हात थांबले.

"सर तिला बोलले, ते तुझ्यामुळं?"

"हो."

"महिनाभर धड जेवत नव्हती पोरगी. मला वाटलं, कुणी मुलगा-बिलगा असेल."

मला वाटलं, आता म्हणतील, नीघ. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ दे असंही म्हणाल्या नाहीत. हातातली घडी पुरी करून म्हणाल्या, "तिनं धरलेलं ते दाखव मला."

काल आणलं त्यांना लॅबमध्ये. मायक्रोस्कोपात बघताना त्यांना एक डोळा मिटता येईना, मग मीच तळहातानं झाकला.

"एवढं बारीक माझ्या प्रज्ञानं उचललं?"

"हो, मावशी."

"आणि हे सगळं त्या एकापासून?"

"एकापासून."

त्यांनी डोळा काढलाच नाही. माझा तळहात ओला झाला, तरी मी तो तसाच धरून ठेवला.

सर आता अंधेरीला असतात, रिटायर झालेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन तुझ्यावरचा तो ठपका पुसून येणार आहे. आणि दर वर्षी नवी मुलं लॅबमध्ये आली की पहिल्याच दिवशी सांगेन, ही पेशी कोणी पकडली आणि आधीची कोणी मारली. दोन्ही नावं घेऊन सांगेन, आवाज खाली न करता. नक्की.

तुझी,
फार उशिरा बोललेली
वर्षा