गाडीच्या विम्यात तिचं नाव

३ सप्टेंबर, मंगळवार

युलियाना आली. बावीस वर्षांची, कोलंबियाची. दोन बॅगा आणि एक गिटार. वर्षभर आमच्या घरी राहून आमच्या मुलीला, टॅबिथाला, सांभाळणार. तिला मोलकरीण म्हणायचं नाही, ओ पेअर म्हणायचं, असं कॉरिनने तीनदा बजावलं. नवऱ्याला काय म्हणायचं हे मात्र ती रोज बदलते.

कॉरिनची इस्पितळातली पाळी आता दुपारची. टॅबिथा सात वर्षांची झाली तरी शब्द तिच्या तोंडात अडकतात, म्हणून आठवड्यातून तीनदा शेजारच्या गावी बोलण्याच्या शिकवणीला न्यावं लागतं. आमच्याकडे बस नाही, चालायला फुटपाथसुद्धा नाही. म्हणजे युलियाना गाडी चालवणार. माझी गाडी.

संकल्प: मन मोठं ठेवायचं. तिच्यासाठी रोज प्रार्थना करायची.

५ सप्टेंबर, गुरुवार

विमा एजंट वेंडेल क्रेब्सला फोन केला. हा चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसतो. चर्चच्या कॅलेंडरवर, पेनांवर, उन्हाळ्यात वाटतात त्या पुठ्ठ्याच्या पंख्यांवर, सगळीकडे याचं नाव. प्रभूचं नाव त्यामानाने बारीक अक्षरात.

सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. समजा, एखाद्याच्या घरी परदेशी मुलगी राहायला आली, तर?

म्हणाला, "पंचविशीच्या आतली? इथला गाडी चालवल्याचा काही रेकॉर्ड नाही? अरे देवा, ब्रदर लॉवेल!" आणि आकडा सांगितला. हप्ता जवळजवळ दुप्पट! तेवढ्या पैशात एक जुनी गाडी येईल, आणि ती आपल्या तळघरात गिटार वाजवणार नाही.

मी म्हटलं, एका मित्रासाठी विचारत होतो. तर म्हणे, "मित्राला नमस्कार सांगा." आगाऊ माणूस.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे पोर्चवर बसून चिंतन केलं. मी काउंटीचा वजनमापं तपासणारा अधिकारी. किराणा दुकानांचे काटे आणि पेट्रोलपंपांची मापं तपासण्यात उमर गेली. दोन खोल्यांच्या गावशाळेत शिकलो, पण लबाडीचा वास मला रस्त्याच्या पलीकडून येतो.

तेव्हा तितक्याच काटेकोरपणे विचार केला. 'घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं कळवा', असं विमा कंपनी म्हणते. युलियाना घरात राहते का? पाहुणी ती पाहुणी. शिवाय तिची खोली तळघरात आहे, आणि तळघर हे नीट पाहिलं तर घराच्या खाली असतं.

प्रार्थनेत हे देवापुढे मांडलं. विरोध जाणवला नाही. कळवायचं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

पास्टरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज आपल्यात कोणी नवीन आहे का? कॉरिनने मला कोपराने ढोसलं. उभा राहिलो. सगळी मंडळी वळून बघत होती. अशा वेळी मला फार चांगलं सुचतं.

म्हणालो, "ही युलियाना. हिला पाहुणी समजू नका. आजपासून ही आमच्या घरातलीच एक. आमच्याच छपराखाली राहणार, आमच्याच ताटात जेवणार."

टाळ्या वाजल्या. मिसेस ओबरहोल्टझरने डोळे पुसले. मीही पुसणार होतो, तेवढ्यात पुढच्या बाकावरचं टक्कल सावकाश मागे वळलं.

"मित्राचं कळलं," वेंडेल म्हणाला.

नंतर 'शांती असो' म्हणत सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवायचे असतात. मी त्याचा हात जरा जोरात दाबला. त्याच्या अंगठीचा वळ अजून माझ्या बोटावर आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

वेंडेलने सकाळीच फोन केला. युलियानाचं नाव आजपासून विम्यात, पुऱ्या दराने. एक नोव्हेंबरला विमा नवा होईल तेव्हा दोन वाटा: एक तर असंच भरत राहा, नाहीतर तिचं नाव विम्यातून वगळा. वगळलेल्या माणसाने चाकाला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, वगळा. टॅबिथाला मीच नेईन.

कॉरिन पाळीवरून आली ती चपला न काढता बोलायला लागली. "तू नेणार? तू पाचला सुटतोस, शिकवणी साडेतीनला असते. आणि गाडी मिळाली नाही तर ती पोरगी इथे कशाला थांबेल? तिला पाठवणाऱ्या एजन्सीला सांगून दुसरं घर मागेल. मग मी नोकरी सोडू, की टॅबिथाने बोलणं सोडायचं? तुझ्या त्या चिंतनात हे बसतंय का बघ."

माझी बायको माझ्याच चर्चमध्ये जाते, यावर कधी कधी विश्वास बसत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वेंडेलने तिसरी वाट काढली. स्टिअरिंगखाली एक डबी बसवायची. कोण कशी गाडी चालवतं हे ती महिनाभर नोंदवते. नीट चालवणाऱ्याला सूट.

मी लगेच हो म्हटलं. तो बिचारा स्वतःच जाळ्यात आला. त्या पोरीचं चालवणं उघडं पडेल, आणि माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या संयमाची शेवटी कुठेतरी नोंद होईल.

१४ सप्टेंबर, शनिवार

युलियानाची परीक्षा घेतली. तिला गाडी मामाने शिकवली म्हणे. कॉफीच्या पोत्यांनी भरलेली जीप, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. म्हटलं, इथे दरी नाही, त्यामुळे तू बेफिकीर होशील.

चौकात 'थांबा' अशी पाटी आहे. ही तिथे पूर्ण थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी समजावलं, की इतकं थांबलं की मागचे लोक चिडतात.

"पण मिस्टर लॉवेल, पाटीवर थांबा लिहिलंय."

उद्धट. तिच्यासाठीची प्रार्थना आज थोडक्यात उरकली.

२२ सप्टेंबर, रविवार

डबी बिघडलेली आहे. मी जरा ब्रेक लावला की किंचाळते. वळण घेतलं की किंचाळते. सदोष यंत्र कसं ओळखायचं हे मला कोणी शिकवायला नको.

टॅबिथा मागे बसून दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवते. का धरतेस विचारलं, तर बोलली नाही. युलियाना सांगते की शिकवणीला जाताना ती वाटभर बोलते. परवा शाळेतल्या कासवाची सगळी गोष्ट सांगितली. मला तर कासव आहे हेच माहीत नव्हतं. वडिलांसमोर मूल जपून बोलतं. आमच्या गावी यालाच वळण म्हणत.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये सुगीचं जेवण. आवारात गाडी मागे घेत होतो. वेंडेल आपल्या गाडीत बसला होता. मी किती सावकाश गाडी मागे घेतो हे तो पाहतोय का, एवढंच मी आरशात पाहत होतो.

पाहत होता. अगदी धडक बसेपर्यंत.

कॉरिनच्या मांडीवर शेवयांची मोठी ताटली होती. ती तिच्या मांडीवरच राहिली, पण उपडी. मी म्हटलं, त्याने मधे गाडी लावलीच कशाला. कॉरिन शेवया निपटत म्हणाली, "लॉवेल, ती गाडी सकाळपासून तिथे उभी आहे."

डबी इतका वेळ किंचाळत होती की पास्टरबाई बाहेर आल्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

वेंडेलच्या ऑफिसात दोघांना बोलावलं. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. युलियाना: शहाण्णव गुण. कॉरिन: अठ्ठ्याऐंशी. मी: एक्केचाळीस.

मी विचारलं, माझे पन्नासपैकी आहेत का?

नाहीत. डबीच्या तपासणीचं प्रमाणपत्र मागितलं. त्याने दाखवलं. शिक्का बरोबर होता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असता तर मी लगेच मान्य केला असता.

"शिवाय वेगाबद्दल दोनदा दंड, ब्रदर लॉवेल. आणि माझं मागचं दार."

मी सांगितलं, की त्या दोन्ही वेळा माझा आणि पोलिसाचा मतभेद झाला होता.

मग तो घसा खाकरून म्हणाला, की युलियानाला ठेवून घरातलं एक नाव वगळलं, तर हप्ता आजच्याहून कमी होतो. मी खूश झालो. विचारलं, कोणाचं वगळायचं?

कॉरिन खिडकीबाहेर पाहत होती. वेंडेल पेनाचं टोपण काढत होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नाव वगळण्याच्या कागदावर सही करणार नाही. मरेन, पण करणार नाही. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. उपास सुरू. (दुपारी भोपळ्याच्या गोड पाईचा एक तुकडा. कॉरिनने मुद्दाम समोर ठेवला होता.)

एजन्सीचा फोन आला होता. महिनाअखेर गाडीचं ठरलं नाही, तर युलियानासाठी ओहायोत एक घर तयार आहे. ती रडली नाही. तिने गिटार पिशवीत घातली आणि पिशवी जिन्याशी ठेवली. भावना दाखवून दबाव आणण्याचा हा प्रकार मी ओळखून आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जिन्याशी पिशवी आली तेव्हापासून टॅबिथा कोणाशीच बोललेली नाही. शाळेत नाही, कॉरिनशी नाही, युलियानाशीसुद्धा नाही. कॉरिन म्हणते, "बघ, जिंकलास." मी म्हटलं, मूल अंतर्मुख झालंय, माझ्यावर गेलंय. पण जेवताना तीन-चारदा तिच्याकडे पाहिलं. तिने ताटातून मान वर केली नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सही केली. कोणाच्या दबावाने नाही. चिंतनातून आपोआप झालं. प्रभूसुद्धा शहरात शिरला तो दुसऱ्याच्या गाढवावर बसून. स्वतः हाकण्याचा हट्ट मोठी माणसं धरत नाहीत.

वेंडेलने पाठीवर थाप मारली. त्याला मनातल्या मनात क्षमा केली. अर्धीच. उरलेली त्याच्या दाराचं बिल आल्यावर बघू.

४ नोव्हेंबर, सोमवार

दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तो शिकवणीच्याच गावात असतो. अर्धी रजा टाकून घराच्या फाटकाशी उभा राहिलो. युलियाना टॅबिथाला शाळेतून घेऊन वेळेवर आली. पुढच्या सीटवर शिकवणीच्या बाईंसाठी नेलेला भोपळा होता, त्याला पट्टा बांधलेला. मी मागे बसलो.

गाडी हलेना. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. युलियाना आरशातून नुसती पाहत राहिली. टॅबिथा माझ्याकडे वळली आणि "प... प..." करू लागली.

मी मदत केली. पाणी? पक्षी? पुस्तक? तिने मान हलवली. पेन्सिल? पैसे? ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून "प... प..." माझ्याजवळचे शब्द संपले, तेव्हा मी गप्प बसलो.

"पट्टा," टॅबिथा म्हणाली. "बाबा, तू लावला नाहीस."

लावला. मग गाडी निघाली.