चहाच्या खोक्याचा बेस

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या खोक्याचा राग काही जात नाही. काल इथे आखातात, अल रीम बेटावरच्या आमच्या घरी लेकीनं विचारलं, "मॉम, डिड यू एव्हर प्ले एनीथिंग?" मी म्हटलं, "खोकं." ती खो खो हसली, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून फिरलेलंच आहे.

आठवतंय ना, शाळेत संगीताला इंग्लंडच्या मिस आल्या होत्या? त्यांनी आम्हाला स्किफल शिकवलं. महायुद्धानंतर त्यांच्याकडच्या पोरांना वाद्यं परवडत नव्हती. मग आईचा कपडे घासायचा पत्रा, एक स्वस्तातली गिटार आणि चहाच्या खोक्याला झाडूचा दांडा नि दोरी बांधून केलेला, खर्जात घुमणारा बेस, एवढ्यावर ती अमेरिकेतली जुनी गाणी ठोकायची. त्याच पोरांनी पुढे इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या आणि तिकडचं रॉक अँड रोल उभं राहिलं. मिस म्हणायच्या, ज्यानं आधी खोकं वाजवलंय त्याला ठेका शिकवावा लागत नाही.

खोकं आणलंत तुम्हीच, मुसफ्फाहच्या गोदामातून. चांगलं प्लायवूडचं, कडांना पत्रा. लिफ्ट बंद, तर खांद्यावर घेऊन जिना चढलात. स्वयंपाकघरात ते उपडं घालून तुम्ही तळाला भोक पाडताय, आई ओरडतेय, "अहो, भुसा पिठात पडतोय!" मी दांडा मागे झुकवून दोरी ताणते. धुम्म! "यल्ला, चल, अजून एकदा!" हे तुम्ही म्हणालात, बाबा. तुम्हीच!

आणि ऐन गॅदरिंगच्या आठवड्यात गावी काकांकडे सामान पाठवायचं निघालं. दूध पावडर, ब्लँकेटं, साबण, बदाम, तेव्हा इथल्या घराघरातून जायचं तेच. पुठ्ठ्याचं खोकं बोटीत फाटतं म्हणे. मी शाळेतून आले तर माझा बेस हॉलमध्ये तोंडापर्यंत भरलेला, भोकात चिंधी कोंबलेली, झाकण ठोकून वर काकांचा पत्ता. मी रडून घर डोक्यावर घेतलं. "कार्गोवाला खाली उभा आहे. खलास!" तुम्ही खेकसलात. "शिकायला ठेवलंय तुला इथे, का डबडी बडवायला? तिकडे माणसं वाट बघतायत." माणसं! मग मी कोण होते हो?

गॅदरिंगला मला कडेला उभं करून टाळ्या वाजवायला लावलं. पुढच्या वर्षी आमच्या त्याच ग्रुपमध्ये इलेक्ट्रिक गिटारी आल्या, बेसला एक नवा मुलगा आला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही मात्र काकांचा फोन आल्यावर दिवसभर सांगत होतात, एक साबण चेपला नाही म्हणून.

तुम्हाला कळलंच नसतं, तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण खोकं गेलं त्या संध्याकाळी माझ्या उशीवर बेसची दोरी होती. कापलेली नाही, गाठ सोडवून नीट गुंडाळलेली. म्हणजे आपण काय पाठवतोय ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी पाठवलंत. संताप येतो तो याचा.

हे पत्र कुठे पाठवणार, आणि पाठवायचंय तरी कुणाला. एक मात्र सांगते. गेल्या सुट्टीत काकांकडे गेले होते. खोकं अजून आहे, त्यात तांदूळ ठेवतात, भोकात चिंधी तीच. काकू कौतुकानं म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी धाडलेलं. काय भक्कम आहे बघ!" दोरी माझ्या पर्समध्ये होती. मुद्दाम नेली होती, बाबा. तांदूळ काढून खोकं मला द्या, एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही. तशीच घेऊन परत आले.